प्रथिनाला हात नसतात

९ जानेवारी

बाईंनी चित्र नापास केलं. लाल पेन्सिलीने ही एवढी मोठी फुली! "अहो, प्रथिनाला हात नसतात."

"मग ते तांबं धरतं कशाने?"

"गंधकाने."

घ्या! सोळा वर्षं पाठ्यपुस्तकांची चित्रं काढतोय. बेडकाचं हृदय काढलं, ज्वालामुखीचं पोट काढलं, दाढेची मुळं काढली. गंधकाने धरणं कसं काढतात, देव जाणे.

या भानगडीत मी कसा पडलो ते एकदा लिहून ठेवतो. बाई संशोधक. पेशीच्या आत तांब्याची ने-आण कशी होते, या एका प्रश्नावर तीस वर्षं घालवली. मे अखेर निवृत्त होतायत. त्याआधी सामान्य माणसाला कळेल असं पुस्तक लिहितायत. चित्रं बारा, चित्रकार मी. त्यांच्या हिशेबी सामान्य माणूसही मीच. मला कळलं की जगाला कळलं.

मला कळलेलं नाही.

१२ जानेवारी

आज शिकवणी. दोन तास! बाईंची खोली म्हणजे अडगळ. कागदांचे ढीग, तीन बंद पडलेली घड्याळं, बऱ्यापैकी खुर्चीवर सूक्ष्मदर्शक बसलेला. मी स्टुलावर.

"तांब्यावाचून पेशीचं चालत नाही. आणि तेच तांबं मोकळं सुटलं तर पेशीची धडगत नाही. माकडाच्या हाती कोलीत! दिसेल ते जाळत सुटतं."

"मग?"

"मग मोकळं सोडायचंच नाही. दारातून आत आलं रे आलं की एक छोटं प्रथिन त्याला धरतं आणि ठरलेल्या जागी नेऊन पोचवतं. एकाने पंपापर्यंत न्यायचं, दुसऱ्याने ऊर्जेच्या कारखान्यापर्यंत, तिसऱ्याने आणखी कुठे. ज्याचा त्याचा पत्ता ठरलेला. अख्ख्या पेशीत एक कण मोकळा भटकताना सापडायचा नाही."

मी मान डोलावली. न कळता मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

१६ जानेवारी

हमाल काढला. डोक्यावर तांब्याचा गोळा, अंगात लाल सदरा, चेहऱ्यावर प्रामाणिक भाव. मला स्वतःला फार आवडला.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "हमाल फलाटावर सामान टेकवतो. घाम पुसतो. चहा पितो. हा टेकवत नाही. एक क्षणसुद्धा नाही."

फुली.

१९ जानेवारी

उजवा हात पुन्हा. कप उचलला तर बशीवर टकटक टकटक — तार ऑफिस! कागदावर रेघ ओढायला घेतली की सरळ जायचं सोडून नागमोडी. दिवाळखोर हात! दोन-तीन महिने झाले. हिला सांगितलेलं नाही. चित्रकाराच्या बायकोला हात थरथरतो म्हणून सांगणं म्हणजे गवयाने घसा बसला म्हणून सांगणं.

२० जानेवारी

पाठ्यपुस्तकवाल्या प्रकाशकांचा फोन. "तुमची रेषा हल्ली फार जिवंत झालीय हो!"

थरथरते म्हणून जिवंत. मी गचकलो की अजरामर म्हणतील.

२४ जानेवारी

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. त्यांची नजर पोस्टातली, पाकीट न फोडता आतलं वाचणारी. "हात थरथरतोय तुमचा."

"थंडी."

"थंडी कसली! घाम आलाय मला." लगेच घरात गेले आणि तांब्याचं कडं घेऊन आले. त्यांच्या मेव्हण्याचा गुडघा यानेच बरा झाला म्हणे. माझा गुडघा ठणठणीत आहे हे सांगायच्या आत मनगटात चढवलंसुद्धा. "रात्रंदिवस घाला. तांबं अंगात मुरलं पाहिजे."

बाईंना दाखवायला हवं. त्यांच्या विषयातलंच आहे!

३० जानेवारी

हिने तोंडाचा वास घेतला! दारातच.

ही शाळेत कवायत शिकवते. चारशे पोरांना एका शिट्टीत सरळ करते. मी कोण! म्हणाली, "तुमची जीभ जड का झालीय? काल फोनवर बोलताना दारुड्यासारखं ऐकू येत होतं."

"दमलोय."

"म्हणा — चटईला टाचणी टोचली."

म्हटलं. चटईला नेमकं काय झालं ते मलाही कळलं नाही.

"आता या फरशीच्या रेघेवरून चाला. एक-दो, एक-दो. वळा!"

चाललो. वळताना दाराची चौकट धरली. संध्याकाळी पाहतो तर ही माझं रंगांचं कपाट उपसून बसलेली. बाटल्या हुंगत होती. टर्पेंटाइनने शिंकून शिंकून बेजार झाली, तरी एकही हुंगायची सोडली नाही. दारू निघाली असती तर बरं झालं असतं, अशा चेहऱ्याने उठली.

४ फेब्रुवारी

खरं सांगायचं तर भ्यालोय. सही जमली नाही आज.

७ फेब्रुवारी

युरेका! म्हणजे बाईंची युरेका, माझ्या मुखातून.

मी विचारलं होतं, हमाल टेकवत नाही, ठीक. मग देतो कसा? देताना तरी हात — बरं, गंधक — सुटणारच की. बाई उठल्या. माझा डबा उचलून माझ्यापुढे धरला. "धरा."

धरला.

"मी सोडलाय?"

"नाही."

"तुम्ही धरलाय?"

"हो."

"हेच! या घडीला डबा दोघांचा आहे. आता मी एक बोट काढते, तुम्ही एक घाला. दुसरं काढते, दुसरं घाला. झालं! डबा तुमचा. मधे कधी हवेत होता?"

"नाही!"

"तसंच. या प्रथिनाची गंधकाची दोन टोकं असतात, पंपाच्या तशाच तोंडालाही दोन. तांबं मधे दोघांच्या पकडीत असतं आणि मगच पुढे सरकतं. पंप ते पेशीबाहेर काढायच्या वाटेला लावतो. तुमचं सातवं चित्र हेच."

मला कळलं! खरोखर कळलं. आनंदाच्या भरात डबा जोरात ओढला. हात असा काही थडथडला की झाकण उडालं, भात बाईंच्या तीस वर्षांच्या कागदांवर. बाईंनी भाताकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. मग कड्याकडे. मग तोंडाकडे.

"कधीपासून?"

"काय?"

"उगाच वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. कधीपासून?"

सांगितलं. सगळं. हिला न सांगितलेलं या परक्या बाईला सांगितलं. बाईंनी खणातून बॅटरी काढली. "इकडे उजेडात या. डोळे मोठे करा."

माझे डोळे घारे. लग्न त्यांच्यावरच जमलं, असं ही म्हणते. बाई एका हाताने माझी हनुवटी धरून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून, श्वास रोखून माझ्या डोळ्यांत पाहतायत — आणि दार उघडलं.

ही! माझा चष्मा घेऊन. मी घरी विसरलो होतो.

आम्हा दोघांना पाहिलं. खाली सांडलेला भात पाहिला. "चालू द्या," म्हणाली.

बाईंनी मान न वळवता हाताने तिला बोलावलं. "बरं झालं आलात. या इकडे. यांच्या बुबुळाच्या कडेला हे तपकिरी वर्तुळ पहिल्यापासून आहे का?"

ही जवळ आली. आता दोघी माझ्या डोळ्यांत. मी हनुवटी वर करून उभा, विक्रीच्या बैलासारखा.

"नव्हतं," ही म्हणाली. आवाज बदलला होता. "घारे होते. नुसते घारे. काय आहे ते?"

"मी माणसांची डॉक्टर नाही. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि ते कडं काढा आधी! रेड्याला रेनकोट!"

रेड्याचं मला कळलं नाही. पण काढलं.

८ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली. आत उजेडाची चीर. पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला बोलावलं, "ये, बघ, पुस्तकात असतं ना तसं!" तो आला, त्याने आणखी एकीला बोलावलं. पाच जणांनी रांग लावून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं प्रदर्शन भरलं, आणि ते डोळ्यांत!

"काय आहे?" हिने शिट्टीच्या आवाजात विचारलं. पाचही सरळ उभे राहिले.

"तांबं," म्हणाले. "डोळ्यांत तांबं साठलंय."

१० फेब्रुवारी

यकृताचे डॉक्टर. मोठं हॉस्पिटल, छोटे डॉक्टर, त्यांचा आवाज त्याहून छोटा. रक्त घेतलं. चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितलं. धातूचं भांडं चालणार नाही. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन दिला. पाच लिटर! काय समजतात मला?

११ फेब्रुवारी

आजचा दिवस कुणाला सांगण्यासारखा नाही. म्हणून तर ही वही.

बाईंकडे जाणं भाग होतं. कॅन बरोबर. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, वर टॉवेल. शेजारचे गृहस्थ बराच वेळ टॉवेलखालून डोकावणारा सोनेरी रंग न्याहाळत होते. शेवटी राहवेना. "मध का?"

"हो."

"घरचा?"

"अगदी घरचा."

"शुद्ध असेल मग!"

मी हसलो तो इतका की कॅन हेलकावू लागला. गृहस्थ म्हणाले, जपा, सांडेल. डोळ्यांतून पाणी आलं. हसण्याचं की कसलं, ते लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी

निकाल. छोट्या आवाजात.

पंप बिघडलाय. यकृतातला. जन्मापासून. आईकडून त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत, बाबांकडून एक. त्या दोघांकडे दुसरी चांगली प्रत होती, म्हणून त्यांना काही झालं नाही. माझ्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या. तांबं बाहेर पडायचं ते सदतीस वर्षं साठत गेलं. यकृत भरलं, मग सांडलं. मेंदूत, डोळ्यांत.

मी विचारलं, "म्हणजे तांबं आणून देणारं प्रथिन—?"

डॉक्टर चमकले. "ते ठणठणीत आहे. ते बिचारं तांबं पंपाच्या तोंडाशी आणून धरतंय. पण पंप काही ते बाहेर काढत नाही. तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी याचं चित्र काढतोय," म्हटलं.

सातवं चित्र! नेमकं सातवं. बाकीची अकरा सोडून!

"औषध आहे?" हिने विचारलं.

"आहे. जन्मभर घ्यावं लागेल. ही गोळी तांब्याला पकडते आणि लघवीवाटे घेऊन जाते. हळूहळू हात सुधारेल. कदाचित आधी जरा बिघडेल, घाबरू नका. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर..." पुढचं इतक्या हळू बोलले की ऐकू आलं नाही. हिला आलं. घरी येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही तिने. सुजलंय.

२० फेब्रुवारी

बंद: चॉकलेट. शेंगदाणे. काजू. अक्रोड. मश्रूम. कलेजी.
चालेल: कोबी.

कोबी!

२१ फेब्रुवारी

पोस्टमास्तरांना कडं परत केलं. झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तुमच्या मरणाला हातभार लावला."

"नाही हो, कातडीतून तेवढं जात नाही, बाईंनी सांगितलंय."

"तरी पण." आणि संध्याकाळी प्रायश्चित्त म्हणून घेऊन आले — बदाम!

२ मार्च

आईला सांगायचं नाही, असं ठरवलं. ठरवलं मी. ती दुसऱ्या गावी एकटी, दर रविवारी फोन करते. तिला सांगितलं की बिघडलेली एक प्रत तुझी, तर उरलेलं आयुष्य ती त्या प्रतीसाठी माफी मागत बसेल.

हिचं मत वेगळं. पण शिट्टी वाजवली नाही.

११ मार्च

हात बिघडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी बिघडायचा तेव्हा बिघडणं वेगळं. चमचा ही भरवते. "आ करा. एक-दो." मी म्हटलं, तुझ्या कवायतीत हे बसतं का. म्हणाली, बसवते. पाठ फिरवून दोन मिनिटं ओट्याशी उभी राहिली. नळ उगाच चालू होता.

२८ मार्च

बाईंना सांगून टाकलं — सातवं चित्र दुसऱ्याकडून काढून घ्या. पहिली सहा जुन्या हाताची आहेत, ती ठेवा.

बाई: "काढलंय का तुम्ही?"

काढलं होतं. लाज वाटत होती दाखवायला. गळासारखे दोन आकडे, मधे तांब्याचा कण, आणि सगळं थरथरलेलं. रेषा म्हणून एक सरळ नाही. प्रथिन गारठलंय, पंप घाबरलाय, तांब्याचं काय होणार कुणास ठाऊक.

बाईंनी चष्मा वर केला. बघत राहिल्या. लाल पेन्सिल उचलली. मी डोळे मिटले.

"अहो, रेणू कधी स्थिर उभे असतात का? सतत थरथरत असतात. तीस वर्षं चित्रकार मला दगडात कोरल्यासारखी प्रथिनं काढून देतायत आणि मी मुकाट छापतेय. हे पहिलं, जे जिवंत आहे." लाल पेन्सिलीने कोपऱ्यात बरोबरची खूण केली. दहावीनंतर पहिल्यांदा मला कुणी बरोबर दिलं.

मग म्हणाल्या, "पहिली सहा पण पुन्हा काढा."

सहा!

१७ एप्रिल

कप उचलला. बशी गप्प. पुन्हा उचलला. गप्प! पाचदा उचलला. चहा गार झाला. ही म्हणाली, "पिणार आहात की वजन करताय?"

चटईला टाचणी टोचली. चटईला टाचणी टोचली. टोचली!

२४ एप्रिल

डॉक्टरांकडे तपासणी. सुधारणा आहे म्हणाले. मग फाइल चाळता चाळता, "भावंडं किती तुम्हाला? त्यांना तपासलं पाहिजे. सख्ख्या भावंडांत चारांत एकाला असू शकतं."

"मी एकुलता," म्हणालो. सवयीने. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर हेच लिहिलंय.

लिफ्टमध्ये ही म्हणाली, "आणि त्या फोटोतली?"

आईच्या कपाटात एक फोटो आहे. साताठ वर्षांची मुलगी, मांडीवर मी, तोंडात मूठ घातलेला. मी सव्वा वर्षाचा असताना ती कावीळ होऊन गेली. एवढंच माहीत. घरात तिच्याबद्दल बोलत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे न सांगता कळलं होतं.

लिफ्ट तळाला लागली. आम्ही बाहेर पडलोच नाही. पुन्हा वर गेलो.

डॉक्टर ऐकत होते. "किती दिवसांत गेली?"

"मावशी एकदा म्हणाली होती, आठ-दहा दिवसांत. पोट फुगलं होतं. रक्त पार उतरलं होतं."

बराच वेळ पेन नुसतं फिरवत राहिले. "कागद नाहीत, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण मला विचाराल तर — हेच. तेव्हा कुणाला ओळखता आलं नसतं." आणि पहिल्यांदा जरा मोठ्या आवाजात, "आईला सांगा हे."

५ मे

आईकडे आलोय. सगळं सांगितलं. पंप, तांबं, मी, ताई. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "गाडीतून उतरलो होतो. ऊन फार होतं. पाणी पाणी करत होती, म्हणून स्टेशनवरच्या नळाचं पाजलं मी. हे नको म्हणत होते."

"पाण्याने नव्हे आई."

"नव्हे?"

"नव्हे."

छत्तीस वर्षं! तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही. खिडकीशी गेली. माझ्यादेखत, पहिल्यांदाच, ताईला नावाने हाक मारली.